चोवीस नंबरची टिक

काका,

तुम्ही चोवीस नंबरच्या पोर्टवर लूप ओळखायची सेटिंग चालू केली होती. मी तुमच्या मागेच उभा होतो, मी पाहिलं होतं. आधी सेटिंग केली, सेव्ह केली, स्क्रीनवर पुन्हा एकदा वाचली आणि मगच वहीत टिक मारली. तुम्ही काही विसरले नव्हते. ही एक गोष्ट सांगायला मला आठ वर्षं लागली, आणि आता सांगायची कोणाला, तर ज्याला ती ऐकायची सगळ्यात जास्त गरज होती तोच माणूस नाही. परवा काकूंचा फोन आला. त्या नागपूरला लेकीकडे राहायला चालल्या, सुपेल्याचं घर रिकामं करून राहिल्या, तुमचं सामान घेऊन जा म्हणाल्या. सामानात टेस्टर, क्रिम्पिंगचा पाना, जुन्या वायरींचं एक भेंडोळं आणि वह्या. सगळ्यात शेवटची वही मी तिथंच पलंगावर बसून उघडली. मला वाटलं होतं त्यात नेटवर्कच्या स्विचचे नंबर असतील. त्यात होतं: गॅस बंद, पाहिला. मागचं दार, पाहिलं. गाडीची चावी खिळ्यावर, पाहिली. रोज सकाळचं एक पान, प्रत्येक ओळीसमोर दोन-दोन टिका. आणि एका पानावर बाकी काहीच नाही, फक्त एवढंच, की चोवीस नंबर सुटला कसा.

तो सुटला नव्हता काका. तो मी सोडला होता.

तुमच्याकडे मी आलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि जगात माझ्याएवढा खरा माणूस दुसरा नाही अशी माझी समजूत होती. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात लॅबच्या सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "खदान से आए हो, खदान में ही जाओगे." मी हातातला माऊस वायरसकट उपटून काचेच्या दारावर मारला. काच फुटली, मला पंधरा दिवसांसाठी काढलं. पंधरा दिवसांनी बाबांनी विचारलं, कॉलेज कावून नाही जात, तर मी म्हटलं, आता त्यांनी बोलावलं तरी जात नाही. बाबा नंदिनी नगरच्या चुनखडीच्या खाणीत डंपर चालवत, दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग एका रविवारी मला गाडीवर मागे बसवून सरळ तुमच्या दुकानात घेऊन आले, कारण तुम्ही आमच्या भंडाऱ्याकडचे आणि स्टील प्लांटच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाल्यावर सुपेल्यात कॉम्प्युटर नेटवर्कचं काम करत होते. बाबा म्हणाले, "याले कुठं तरी लावा जी. घरी राहिला तर एक तर हा राहीन, नाही तर मी." तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. हातातल्या वायरीची आठ रंगीत तारं ओळीनं लावत विचारलं, "हात कसा हाये याचा?" बाबांना कळलं नाही. म्हणाले, "हात लवकर उचलते." तुम्ही इतके हसले की तारं सुटून पुन्हा विस्कटली.

हाताचंच पहिलं शिकवलं तुम्ही. आजही सकाळी कोणाच्या ऑफिसात स्विचसमोर उभा राहिलो की माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागे जातात. एक्स्चेंजमध्ये तुमच्या साहेबानं तुम्हाला लावलेली सवय: बिघाड झाला की आधी हात मागे बांधायचे, दिवे पाहायचे, आवाज ऐकायचा, आणि बिघाड काय आहे ते तोंडानं बोलल्याशिवाय हात पुढे आणायचा नाही. मला हे छळ वाटायचं. पहिल्याच महिन्यात पॉवर हाऊस भागातल्या एका गोदामात नेट बंद पडलं होतं, तिथला मुनीम डोक्याजवळ उभा राहून "जल्दी करो भैया, जल्दी करो" करत होता, तर मी चिडून सगळ्याच वायरी एकदम उपटल्या. तुम्ही त्याच्यासमोर मला काही बोलले नाही. बाहेर नेऊन भिंतीकडे तोंड करून उभं केलं, हात मागे. दहा मिनिटं. रस्त्यावरचे लोक पाहत होते. मग म्हणाले, "वायर उपटली म्हंजे बिघाड गेला नाही बाबू, पुरावा गेला. आता डॉक्टरनं पेशंटले विचारायच्या पहिले गळा दाबला, असं झालं हे." मी तीन दिवस दुकानात आलो नाही. चौथ्या दिवशी काकूंनी फोन करून पाटवड्यांचा रस्सा केला म्हणून सांगितलं, आणि मी आलो. तुम्ही ताटावरून मान न उचलता म्हणाले, "रस्त्यानं ट्रॅफिक लय होतं वाटते, तीन दिवस लागले."

दुसरी सवय टिक मारायची. प्रत्येक स्विचचं एक पान, पानावर प्रत्येक पोर्टची एक ओळ, कोणत्या खोलीची वायर, कोणती सेटिंग. काम आधी, टिक नंतर. मी कित्येकदा म्हटलं, काका, सगळ्या टिका आधी मारून टाकू, मग काम करत जाऊ, वेळ वाचते. तुम्ही म्हणायचे, "टिक म्हंजे शपथ हाये. पहिले शपथ आन मंग काम, असं नेत्याचं असते." बॅकअपची फाइल तुम्ही पेनड्राइव्हवर ठेवायचे, पण विश्वास वहीवर होता.

जुनवानीतल्या त्या परीक्षा केंद्राचं काम मिळालं तेव्हा तुम्ही खूश होते. तीन लॅब, दोनशेच्या आसपास कॉम्प्युटर, पोरं कॉम्प्युटरवरच पेपर देणार. मधल्या खोलीत एक मोठा स्विच, त्यातून सगळ्यांकडे वायरी. लूप म्हणजे काय ते तुम्ही मला त्याच खोलीत समजावलं. एका वायरीची दोन्ही टोकं चुकून एकाच डब्यात गेली, की आत आलेला निरोप बाहेर जातो, फिरून पुन्हा आत येतो, आणि दर फेरीला वाढत जातो. "समज, प्लांटची शिफ्ट सुटली. सगळ्या सायकली मेन गेटातून बाहेर निघाल्या आन फिरून मागच्या गेटातून पुन्हा आत येऊन राहिल्या. थोड्या वेळानं कोनाले हलता येईन का? तसं." मग हा घोळ ओळखायची सेटिंग दाखवली. मोठा स्विच प्रत्येक पोर्टच्या दारातून स्वतःचा एक निरोप बाहेर सोडत राहतो. तोच निरोप त्याच दारात परत आला, तर बाहेर गडबड आहे असं समजून तेवढं एक दार लावून घेतो. बाकीचं घर चालू राहतं. तुम्ही ती सेटिंग एक नंबरपासून चोवीसपर्यंत प्रत्येक पोर्टवर चालू केली. चोवीस नंबर म्हणजे बाहेरचा नोंदणीचा काउंटर, जिथं पोरांचे फोटो आणि अंगठे घेतात.

तिथं ती बसायची.

तिच्याबद्दल तुम्हाला माहीत होतं तेवढंच लिहितो, कारण त्याहून जास्त फारसं नव्हतंच. ती दुर्गहून यायची, माझ्याशी हिंदीत बोलायची, हसताना आधी खाली पाहायची. माझं काम आतल्या खोलीत, आणि मी दिवसातून आठ वेळा काउंटरची वायर तपासायचो. प्रत्येक पोर्टला नाव देत जा, असं तुम्ही सांगितलं होतं, लॅब एक, लॅब दोन, सर्व्हर. चोवीस नंबरला मी तिचं नाव टाइप केलं होतं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनजवळ गेले.

"हे कोनतं मशीन हाये?"

मी कीबोर्ड पुसायला लागलो.

"बाबू, हे मशीन गॅरंटीत हाये का? घरी विचारलं का त्यांच्या?"

मग माझ्याकडूनच ते पुसून घेतलं आणि "काउंटर" लिहायला लावलं. दुकानात परतताना गाडीवर तुम्ही अचानक म्हणाले, "तुही काकू मी एक्स्चेंजमधून पाहिली. म्हंजे ऐकली. तिच्या बापाच्या ऑफिसात फोन लावून द्यायचा होता, तिनं उचलला. मी लाइन कट केली आन पुन्हा लावली, पुन्हा ऐकाले." एवढं बोलून तुम्ही हॉर्न वाजवत बसले, समोर कोणीच नसताना. त्या एका वाक्यासाठी मी तुमच्यासाठी काहीही केलं असतं काका. असं मला तेव्हा वाटलं होतं.

परीक्षेच्या तीन दिवस आधी दुपारी तिचा फोन आला. आवाज रडवेला. काउंटर बंद पडला होता आणि केंद्राचा मॅनेजर तिच्यावर ओरडत होता, "क्या छेड़ दिया तुमने?" तुम्ही जेवायला घरी गेले होते. मी बसचीही वाट पाहिली नाही, ओळखीच्या एकाची गाडी मागून दहा मिनिटांत जुनवानीत. तिच्या टेबलाखाली एक छोटा पाच भोकांचा स्विच ठेवला होता, साधा, ज्याला काही अक्कल नसते. त्याला लावलेल्या एका जास्तीच्या वायरीचं दुसरं टोक खाली लोंबत होतं, झाडताना पायात येतं म्हणून तिनं ते उचलून रिकाम्या भोकात नीट खोचून दिलं होतं. लूप. मोठ्या स्विचनं ओळखलं आणि चोवीस नंबरचं दार लावून घेतलं. तुम्ही शिकवलं तसंच सगळं झालं होतं. बाकीच्या तिन्ही लॅब मजेत चालू होत्या. मी टोक काढलं, काउंटर चालू झाला. मॅनेजरला म्हटलं, "डिब्बे में खराबी थी सर, ठीक कर दिया." तिनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलो नाही, हे खोटं बोलत नाही.

ती जास्तीची वायर मी काढून खिशात घालायला पाहिजे होती. दोन मिनिटांचं काम. पण माझं डोकं तिथं नव्हतं. माझ्या डोक्यात होतं, की या सेटिंगमुळे तिला बोलणी बसली. तिचा काउंटर कापायची या स्विचची हिंमत कशी झाली. आतल्या खोलीत गेलो, स्वतःच्या नावानं लॉगिन केलं, आणि चोवीस नंबरवरची लूप ओळखायची सेटिंग बंद केली. बाकी तेवीस चालू, तिची बंद. आता तिला कोणी तोडणार नाही. मला आपण फार मोठं काही केलं असं वाटत होतं. येताना शीळ घालत आलो.

परीक्षेचा दिवस. पहिली पाळी सुरू होऊन तास झालेला. तुम्ही तिसऱ्या लॅबच्या बाहेर स्टुलावर, मी मोठ्या स्विचच्या खोलीत. आणि एका क्षणात सगळे दिवे एकसाथ फडफडायला लागतात, चोवीसच्या चोवीस, एकाच लयीत. एरवी प्रत्येक दिवा आपापल्या मनानं मिचकतो. आतल्या पंख्याचा आवाज चढतो. बाहेरून पोरांचा गलका ऐकू येतो, "सर, हँग हो गया", "सर, मेरा भी". मला लगेच कळतं. बिघाड तोंडानं बोलायचीही गरज नाही. तिनं पुन्हा ते टोक खोचलं आहे, आणि दार लावणारं आता कोणी नाही. मी चोवीस नंबरची वायर उपटतो. दिवे शांत होतात.

इथं थांबतो काका. कारण इथपर्यंतचं सगळं माफ करण्यासारखं आहे. दोन मिनिटांत लॅब पूर्वीसारख्या चालू झाल्या असत्या, पोरांचा वेळ सॉफ्टवेअरनं आपोआप परत दिला असता. पण तुमचे पाय मला व्हरांड्यातून ऐकू आले, ती तुमची एक चप्पल घासायची सवय. आणि मला आठवलं की तुम्ही येऊन आधी काय करणार. तुम्ही हात मागे बांधून उभे राहणार, आणि मग लॉग उघडणार. स्विच सगळं लिहून ठेवतो, कोणी कधी आत येऊन काय बदललं. त्यात माझं नाव होतं. या पत्रात वर मी आधी लिहिलं होतं की घाबरून माझा हात स्विच कोरा करणाऱ्या रिसेटवर गेला, ते खोडलं. हात गेला नाही, मी नेला. टेबलावरची पिन उचलली, बारीक भोकात घातली आणि दाबून धरली. पंधरा सेकंद लागतात. पंधरा सेकंद फार असतात, मधे कधीही सोडता येते. मी मोजत होतो. तुम्ही दार उघडलं तेव्हा स्विच कोरा झाला होता. लॉग गेला, त्यासोबत तुमच्या सगळ्या सेटिंग गेल्या, कोणत्या लॅबनं कोणत्या सर्व्हरशी बोलायचं ते सगळं. दोनशे पोरं अंधारात.

"काय झालं?"

"लूप आला काका, काउंटरकडून. स्विच हँग झाला. ऑफ-ऑन केला तर कोरा होऊन राहिला."

तुम्ही हात मागे बांधले. चार श्वास. मग म्हणाले, "पेनड्राइव्ह दुकानात हाये. सुपेला चौकातून जाऊन यायला पाऊण तास. वही काढ."

आणि मग तुम्ही जे केलं ते मी आयुष्यात पुन्हा कोणाला करताना पाहिलं नाही. लॅपटॉपची वायर सरळ स्विचला लावली आणि वहीतून एकेक ओळ पुन्हा लिहायला बसले. मी वाचत होतो, तुम्ही टाइप करत होते. दारात मॅनेजर, "कितना टाइम, अंकल, कितना टाइम?" गेटवर पोरांचे आई-बाप जमलेले, एकजण ओरडत होता की त्याची पोरगी बालोदहून पहाटे निघून आली आहे, तिचा पेपर गेला तर कोणालाच सोडणार नाही. तुमची बोटं थांबली नाहीत. पहिली लॅब उठली, दुसरी उठली. मी वाचत गेलो, एकवीस, बावीस, तेवीस. चोवीस. काउंटर. लूप, चालू. समोर टिक.

तुमची बोटं तिथं थांबली.

"चोवीसवर टिक हाये?"

"हो काका."

"चालू असती तर दार लागलं असतं. बाकी काहीच बंद पडलं नसतं." तुम्ही वही माझ्या हातातून घेतली. ती टिक डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, जसं कोणी दुसऱ्यानं मारली असेल. "म्हंजे मी टिक मारली आन काम केलं नाही."

त्या वेळी मी बोलायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "होते काका कधी कधी."

होते कधी कधी. तुम्हाला हे मी म्हटलं.

तिसरी लॅब उठली, पेपर पुढे सुरू झाला, सगळ्या पोरांना त्यांचा वेळ मिळाला, बालोदच्या पोरीलाही. पाळी संपल्यावर मॅनेजरनं आपल्याला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं होतं तुम्ही मशीनवर ढकलाल, सगळे ढकलतात. तुम्ही उभ्यानंच म्हणाले, "गलती मेरी है साहब. चौबीस नंबर पर सेटिंग करनी थी, मैंने नहीं की, और लिख दिया कि की है." मॅनेजर म्हणाला, "अंकल, अब आप आराम कीजिए. उमर हो गई." तो वाईट बोलला असंही नाही, समजुतीनं बोलला, तेच जास्त लागलं. बाहेर काउंटरजवळ तिनं मला हळूच विचारलं, "मेरी वजह से हुआ क्या?" मी म्हटलं, "नहीं, तुम्हारी वजह से कुछ नहीं हुआ." मग मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत राहिलो की मी तिला वाचवायला गप्प बसलो. ते खरं असतं तर मी तुम्हाला एकट्याला सांगू शकलो असतो. तुम्ही तिला काही बोलणारे होते का? मी गप्प बसलो कारण तुमच्या डोळ्यांत मी ज्या उंचीवर होतो तिथून मला उतरायचं नव्हतं, आणि तिच्याही.

परतताना गाडी तुम्ही मला चालवायला दिली. पहिल्यांदा. मला वाटलं बक्षीस आहे. सुपेल्याच्या बाजारात ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मागून म्हणाले, "तू नजर ठेव बाबू माझ्यावर. मी टिक मारली का पाहत जा." त्यानंतर प्रत्येक कामावर तुम्ही मला विचारायचे, "केलं ना मी हे? तू पाहिलं ना?" आणि मी म्हणायचो, हो काका, पाहिलं. माझ्या साक्षीवर तुम्ही चालत होते. मोठी कामं तुम्ही स्वतःच घेणं बंद केलं. सहा-सात महिन्यांनी एका दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी खांदा दिला. ती पुढं दुर्गमध्येच लग्न करून गेली, मला पत्रिका पाठवली होती, मी दोन दिवस जेवलो नाही आणि तिसऱ्या दिवशी जेवलो. तेही आता दुखत नाही. दुखते ती टिक.

वही घेऊन मी काल पुन्हा काकूंकडे गेलो. खोक्यांच्या मधून वाट काढत स्वयंपाकघरात बसलो, तिथं आता एकच गॅस आणि दोन भांडी उरली आहेत. म्हटलं, काकू, तुम्हाला एक सांगायचं आहे. आणि सांगितलं. सेटिंग मी बंद केली, कावून केली, तिचं टेबल, ती वायर, सगळं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडायच्या थांबल्या नाहीत.

"म्हंजे ते विसरले नव्हते?"

"नाही काकू."

"एक बार पण नाही?"

"नाही."

काकूंनी ताट जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "मी त्यांना गॅसच नाही लावू दिला रे नंतर. चहा मांडाले उठले की म्हणायची, तुम्ही बसा, तुमच्यानं होत नाही आता, घर जाळसान. गाडीची चावी पण लपवली होती मी. ते मागत नव्हते. मुकाट्यानं बसत." ताटातला एक खडा उचलून त्यांनी बाजूला ठेवला. "हे तू तेव्हा सांगितलं असतं तर मी त्यांना चहा करू दिला असता."

त्या मला शिव्या देतील असं मी धरून गेलो होतो. एखादी थप्पड बसली असती तर मी मान खाली घालून घेतली असती. त्या उठल्या, कुकर लावला, आणि पाठमोऱ्याच विचारलं, "मंग मशीनच्या पोटातलं सगळं गेलं कसं? ते म्हणत होते, मशीनमंधी लिहून राहते कोनी काय केलं ते. त्यांना ते पाहायचं होतं. लय दिवस म्हणत होते, ते पाहाले भेटलं असतं तर समजलं असतं मी कुठं चुकलो."

मी म्हटलं, "चुकून दाबल्या गेलं काकू, गडबडीत."

त्यांनी मान हलवली. जेवून जा म्हणाल्या. मी जेवलो. उद्या सकाळच्या गाडीनं त्या जातील, मी स्टेशनवर सामान चढवायला जाणार आहे, आणि तेव्हाही 'चुकून' हा शब्द मी बदलीन की नाही ते मला माहीत नाही. हे पत्र कुठं टाकायचं तेही माहीत नाही. तुम्हाला लिहिताना पंधरा सेकंद लिहिता आले, काका. त्यांच्यासमोर मात्र 'चुकून' म्हणालो.